फळीवर सगळं आहे

थंड्याला किळस फार लवकर यायची, आणि पोट भरायला त्यानं धंदा निवडला होता लोकांचे फ्रिज दुरुस्त करण्याचा. नशिबाला दोष द्यायचीही सोय नव्हती, कारण धंदा त्यानं वडिलांशी भांडून निवडला होता. समोरून सगळे फ्रिज सारखेच दिसतात. थंड्याचं माणसांबद्दलचं मत मात्र फ्रिजच्या मागच्या बाजूनं तयार झालं होतं. तिथं केसांचे गुंते असतात, झुरळांची बाळंतपणं असतात, नाव न देता येणारा काळा चिकटा असतो. एकदा तर कवळी सापडली होती. मालकीणबाईंनी ती नळाखाली धरली आणि त्याच्यासमोरच लावली. थंड्या त्या दिवशी जेवला नाही.

महिन्यातला एक शनिवार-रविवार मात्र तो गणवेश चढवून हवाई तळावर जायचा. तो राखीव दलातला विमान-मेकॅनिक होता.

तळावर दोन प्रकारची माणसं होती. रोजचे आणि रविवारचे. रोजचे म्हणजे नियमित फौज. तरुण, कडक इस्त्रीचे, दर दोन वर्षांनी बदली होणारे. रविवारचे म्हणजे राखीव. एरवी कुणी दाताचा डॉक्टर, कुणी भूगोलाचा मास्तर, कुणी फ्रिजवाला, आणि महिन्यातून दोन दिवस सैनिक. माणसं दोन प्रकारची असली तरी विमानं तीच. त्यामुळे एका स्वयंपाकघरात दोन जावा असाव्यात तसा कारभार चालायचा. कढईचा तळ नेहमी दुसरीनंच जाळलेला असायचा.

रोजच्यांना वाटायचं, हे पोट सुटलेले हौशी लोक आहेत. रविवारच्यांना वाटायचं, ही पोरं विमान ओळखतच नाहीत. दोघांचंही बरोबर होतं, म्हणूनच भांडण कधी मिटलं नाही.

आता ते चौतीस वर्षांचं मालवाहू विमान घ्या. रोजचे त्याला नंबरानं ‘सत्तावीस’ म्हणत. रविवारचे ‘काकू’ म्हणत. थंड्या एकोणीस वर्षं काकूची देखभाल करत होता. थंडीत तिचं डावं इंजिन किती वेळा खोकून सुरू होतं, उतरताना ती कुठं कण्हते, सगळं त्याला तोंडपाठ. तेवढ्या काळात हँगरचे नऊ इनचार्ज येऊन गेले. प्रत्येकानं आल्या आल्या सांगितलं, ‘इथली शिस्त बिघडलीय,’ आणि शिस्त लागायच्या आत तो गेला.

तर, सोमवारी सकाळी साडेनऊला थंड्या एका आजोबांच्या फ्रिजमागे आडवा झाला होता. मेहुणा शेजारी उकिडवा बसून पेचकस पुढे करत होता. हा बायकोचा भाऊ, दुकानातला भागीदार, वय छत्तीस, तोंडाला विश्रांती नाही.

“भाऊजी, इथं काहीतरी मेलंय.”

“उंदीर आहे. टॉर्च दे.”

मेहुण्यानं पिशवीत हात घातला. मग दोन्ही हात घातले. मग पिशवी उलटी केली.

“टॉर्च नाहीये.”

“वाकड्या मानेचा. चुंबकवाला. नीट बघ.”

“भाऊजी, पिशवी झटकली मी. तुमचा टॉर्च नाही, माझा कंगवा सापडला.”

थंड्यानं मेलेल्या उंदराशेजारी पडल्या पडल्या रविवारची संध्याकाळ मनात उलटी फिरवली. मग त्याला घाम फुटला. टॉर्च कुठं आहे ते त्याला आठवलं होतं.

तो काकूच्या शेपटीत होता.

हे कसं झालं ते समजायला हँगरमधली हत्यारांची फळी समजली पाहिजे. भिंतीवर एक मोठी फळी, तिच्यावर अठ्ठेचाळीस हत्यारं टांगलेली, आणि प्रत्येकाच्या मागे काळ्या रंगात त्याच हत्याराची आकृती काढलेली. एखादं हत्यार जागेवर नसलं की नुसती आकृती उघडी दिसते. ती दिसली की नियम असा, की हत्यार सापडेपर्यंत एकही विमान उडायचं नाही, कारण ते एखाद्या विमानाच्या पोटात राहिलेलं असू शकतं. नियम चांगला होता. फळीवर एकतीस नंबरला टॉर्च होता. तो आठ वर्षांपासून बंद होता. नवीन मागायचा अर्ज चार वेळा गेला, पण दर वेळी अर्ज वर पोचायच्या आत इनचार्ज बदलला आणि नव्या साहेबांनी जुने अर्ज रद्द केले. शिवाय टॉर्च आकृतीवर बरोबर बसत होता. फळी आकार बघते, उजेड बघत नाही.

म्हणून रविवारचे घरून आपापले टॉर्च आणायचे. नियमात ते बसत नव्हतं, पण अंधारात शेपटी तपासणं हेही कुठल्या नियमात बसत नव्हतं.

रविवारी पाचला पाच कमी असताना थंड्यानं शेपटीतलं काम संपवलं. पाचला राखीव माणसाची सैनिकी संपते आणि सव्वापाचला तो गेटबाहेर असावा लागतो, नाहीतर घुसखोरी धरतात. त्यानं घाईघाईनं अठरा स्क्रू आवळून झाकण बसवलं. टॉर्च आतच, चुंबकानं पट्टीला चिकटलेला राहिला. फळीवर अठ्ठेचाळीसपैकी अठ्ठेचाळीस. सही झाली.

शेपटीच्या त्या भागातून पोलादी दोऱ्या चाकांवरून जातात. वैमानिकानं दांडा ओढला की त्या दोऱ्या सरकतात आणि विमानाचं नाक वर-खाली होतं. हादऱ्यानं टॉर्च सुटून दोरी आणि चाकाच्या मध्ये अडकला, तर नाक जिथं असेल तिथंच राहणार. वर असलं तर वर, खाली असलं तर खाली. आणि हँगरबाहेरच्या तक्त्यावर थंड्यानं रविवारी स्वतः वाचलं होतं. सत्तावीस, सोमवार, दुपारी तीन, माणसं सहा.

“फ्रिजचं काय?” आजोबांनी विचारलं.

“उंदीर होता,” थंड्या म्हणाला आणि पळत सुटला.

गाडीतूनच त्यानं आपल्या तुकडीच्या कमांडरना फोन लावला. सोमवार असल्यामुळे कमांडर दाताच्या दवाखान्यात होते. मागून यंत्राची घरघर ऐकू येत होती.

“सर, काकूच्या शेपटीत माझा टॉर्च राहिलाय. तीनला उड्डाण आहे.”

“आ करा. तुम्ही नाही हो, पेशंट. हे बघा, आज मी डॉक्टर आहे. कमांडर मी शनिवारी असतो.”

“सर, सहा माणसं असणार आहेत आत.”

“मला कळत नाही का? पण आज माझ्या हुकमाला कंपाउंडरसुद्धा उठत नाही. तुम्ही गेटवर जाऊन सांगा. थुंका. तुम्ही नाही हो.”

गेटवर हवालदार होता. रविवारीच त्यानं थंड्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली होती. आज त्यानं ओळखपत्र दोन बोटांत धरलं. ओल्या जमिनीवर पडलेला रुमाल उचलावा तसं.

“हे शनिवार-रविवारचं आहे. आज सोमवार.”

“अहो, मला ओळखता ना?”

“ओळखतो. म्हणून तर बसायला खुर्ची दिली. सैनिक म्हणून आलात तर हुकूम दाखवा. नागरिक म्हणून आलात तर काम सांगा.”

“विमानात माझा टॉर्च राहिलाय.”

“हरवलेली वस्तू. निळा फॉर्म. दहा दिवसांत उत्तर येतं.”

“तीन वाजता ते विमान पडेल हो!”

हवालदारानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “असं बोलू नका. विमान पडेल असं गेटवर बोलणं धमकीत येतं. तिचा फॉर्म लाल आहे आणि मग तुम्हाला बसवूनच ठेवावं लागतं मला.”

शेवटी उपकार केल्यासारखा त्यानं हँगरला फोन लावला. पलीकडून इनचार्जसाहेबांचं उत्तर थंड्यालाही ऐकू आलं. “राखीव? ते शनिवारी येतात. आज कसले राखीव?” फोन बंद.

हवालदाराच्या टेबलावर खाऊन झालेला डबा उघडाच होता. वाळलेल्या रश्श्यावर माश्या होत्या, आणि त्याच हातानं तो आता निळ्या फॉर्मचा गठ्ठा मोजत होता. बोटाला थुंकी लावून. एका फॉर्मवर पिवळा ठसा उमटला. सहा माणसांचा जीव आणि मध्ये हे एक थुंकीचं बोट.

गाडीत परतल्यावर मेहुणा कंगव्यानं केस विंचरत म्हणाला, “भाऊजी, एक विचारू? तळावरच्या त्या हँगरच्या फ्रिजची तक्रार आपल्या दुकानात पडलीय ना? तीन आठवडे झाले.”

पडली होती. हँगरमध्ये एक फ्रिज होता. विमानाचे सांधे बंद करायचा लेप थंड ठेवावा लागतो, त्यासाठी. तो बिघडल्याचं थंड्यानंच मागच्या महिन्यातल्या शनिवारी गणवेशात पाहिलं होतं. पण सैनिकानं फ्रिजला हात लावायचा नाही, ते काम बाहेरच्या कंत्राटदाराचं. म्हणून सैनिक थंड्यानं रीतसर तक्रार लिहिली आणि ती कंत्राटदार थंड्याच्या दुकानात आली. कंत्राटदार थंड्याला त्या फ्रिजचा वास माहीत असल्यानं त्यानं ती फायलीच्या तळाशी सरकवली.

“काढ तो कागद,” थंड्या म्हणाला.

हवालदारानं कागद पाहिला, शिक्का पाहिला आणि फाटक उघडलं. “मग आधीच सांगायचं ना फ्रिजवाले म्हणून! केव्हाची वाट बघताहेत तुमची. काय माणसं आहात, तीन आठवडे?”

हँगरमध्ये काकू उभी होती, आणि तिच्यापासून पंधरा पावलांवर तो फ्रिज. घड्याळात पावणेबारा झाले होते. इनचार्जसाहेब सव्वीस वर्षांचे होते. दाढी इतकी गुळगुळीत, की हनुवटी नवीन बसवल्यासारखी दिसायची. शनिवारी सकाळी याच माणसानं थंड्याशी हात मिळवून ‘तुमच्यासारख्या अनुभवी लोकांचा फार आधार वाटतो’ असं म्हटलं होतं. आज त्यांनी निळ्या डगल्यातल्या थंड्याकडे पाहिलं आणि त्यांना फ्रिजवाला दिसला.

“ए, आलास का? वास मारतोय. लवकर आटप.”

थंड्यानं फ्रिजचं दार उघडलं आणि मेहुणा न बोलता मागे सरला. एवढ्या वर्षांत प्रथमच तो न बोलता काही करत होता.

आतली अवस्था सांगावी की नाही असा प्रश्न आहे, पण ती सरकारी मालमत्ता असल्यानं सांगायला हरकत नसावी. विमानाच्या लेपाच्या नळ्या आणि माणसांचे डबे एकाच कप्प्यात शेजारी होते. एका डब्यावर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी होती आणि खाली सही होती दोन वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या इनचार्जची. त्यांच्यामागून आलेल्या कुणीही हुकूम मोडला नव्हता. डब्याचं झाकण आतून फुगून वर आलं होतं आणि कडेनं करडी लोकर बाहेर पडली होती. खालच्या कप्प्यात दुधाची पिशवी होती, तिच्यात दुधाचा चुना झाला होता. तळाशी तपकिरी पाणी, पाण्यात लेप, लेपात माशी. माशीच्या पंखांना झळाळी होती. विमानाचा लेप उत्तम प्रतीचा होता.

थंड्यानं नाकाला रुमाल बांधला आणि सरळ साहेबांसमोर जाऊन उभा राहिला.

“साहेब, सत्तावीसच्या शेपटीत एक टॉर्च आहे. झाकण उघडून बघा.”

“तुला काय माहीत?”

“मीच विसरलो. रविवारी. मी राखीवमधला मेकॅनिक आहे, शनिवारी आपण हात मिळवलाय.”

साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओळखीची सावली डोळ्यांत आली, आणि ती आल्याचा त्यांना स्पष्ट त्रास झाला. त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट केलं. “फळी बघ. अठ्ठेचाळीस. सगळं आहे.”

“माझा स्वतःचा टॉर्च आहे तो. फळीवरचा नाही.”

“स्वतःचं हत्यार विमानात न्यायला मनाई आहे. म्हणजे ते नेलेलं नाही.”

“पण नेलंय ना!”

“मनाई आहे म्हटलं ना.”

काकूच्या शिडीवर एक वैमानिकबाई बुटांच्या नाड्या बांधत बसली होती. फोन खांद्यात धरून आईशी बोलत होती. “अगं, सातपर्यंत येते. माझं काढून ठेव. फ्रिजमध्ये नको, मला आज फ्रिज बघूनच कसंतरी होतंय.” तिनं फोन ठेवला. तिनं सगळं ऐकलं होतं.

“बघा ना उघडून,” ती साहेबांना म्हणाली.

“मॅडम, अठरा स्क्रू आहेत. शेपटी उघडायची तर दोषवहीत नोंद लागते. हा ड्यूटीवर नाही, ह्याची नोंद चालत नाही. तुम्ही लिहिता?”

“मी न पाहिलेला दोष कसा लिहिणार? खोटी नोंद होईल.” ती थंड्याकडे बघत होती. मग नाडीला दुसरी गाठ मारत, जणू नाडीशीच बोलल्यासारखी म्हणाली, “फळीवरचं हत्यार हरवलं असतं, तर प्रश्नच नव्हता. काही न लिहिता सगळंच उघडावं लागलं असतं.”

थंड्या फ्रिजकडे परतला.

फळी फ्रिजच्या बरोबर वर होती. त्यानं फ्रिज भिंतीपासून ओढला, मागे वाकला, घाम पुसायला हात वर नेला आणि हात खाली आला तेव्हा एकतीस नंबरचा बंद टॉर्च त्याच्या बाहीत होता. एकोणीस वर्षांत त्यानं सरकारचा एक खिळाही उचलला नव्हता. आता उचललेला ठेवायचा कुठं? बाहेर पडताना झडती होते. त्यानं डोळे मिटले, ‘हात लावू नये’ची चिठ्ठी असलेल्या डब्याचं झाकण उचललं आणि टॉर्च त्या करड्या लोकरीत मनगटापर्यंत खुपसला. आत कोमट होतं. बंद फ्रिजमध्ये, दोन वर्षांनंतर, कोमट.

त्याच्या पोटातून काहीतरी वर आलं. ते त्यानं गिळलं.

“साहेब,” मेहुणा अचानक ओरडला. त्याला काही माहीत नव्हतं, त्याला फक्त रिकामी जागा दिसली होती. “ती एकतीस नंबरची आकृती उघडी का हो?”

पुढचे अडीच तास हँगर एखाद्या लग्नघरासारखा झाला. फक्त नवरी हरवलेली. सायरन वाजला. चार विमानं थांबली. रोजची पोरं धावत आली, कोपरे झाडले, कचऱ्याचे डबे पालथे केले, एकमेकांचे खिसे उलटे केले. फ्रिजवाल्यांचीही झडती झाली. एक पोरगा फ्रिजपाशी आला, त्यानं दार उघडलं, त्या डब्याकडे पाहिलं, चिठ्ठी वाचली आणि दार लावलं. मग विमानांची झाकणं निघायला लागली.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी काकूच्या शेपटीतून आवाज आला. “मिळाला!”

पोरगा बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात वाकड्या मानेचा टॉर्च होता. पेटलेला. कालपासून तो आत पेटलेलाच होता. त्याच्या दांड्यावर थंड्याच्या दुकानाचं लेबल होतं, फोन नंबरासकट.

थंड्या उठून उभा राहिला. आता पकडला जाणार, हे त्यानं गृहीतच धरलं होतं. त्याला जरा हलकंही वाटलं. गुन्हा, नोंद, चौकशी, शिक्षा, काहीतरी सरळ होईल.

साहेबांनी टॉर्च हातात घेतला. लेबल वाचलं. थंड्याकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. मग अंगठ्याच्या नखानं त्यांनी ते लेबल खरवडलं. आधी दुकानाचं नाव गेलं, मग एकेक आकडा गेला. लेबलाची गोळी करून त्यांनी ती स्वतःच्या खिशात टाकली आणि टॉर्च फळीवर टांगला.

तो आकृतीवर बसेना. मान वाकडी होती.

“काळा रंग आणा,” साहेब म्हणाले.

पोरानं रंग आणला. जुनी आकृती पुसून नवी काढली गेली, वाकड्या मानेसकट. अठ्ठेचाळीसपैकी अठ्ठेचाळीस. सही झाली. शेपटीचं झाकण बसलं, आणि काकू तीन वाजून वीस मिनिटांनी, डावं इंजिन दोनदा खोकून, उडाली.

शिडी चढण्याआधी वैमानिकबाई फ्रिजजवळून गेली होती. थांबली नव्हती. “चालू टॉर्च होता,” एवढंच म्हणाली. “आमच्या फळीवर चालू काही नसतं.”

थंड्यानं फ्रिज दुरुस्त केला. आतला कचरा, तो डबा, त्याच्या पोटातला बंद टॉर्च, सगळं एका काळ्या पिशवीत भरलं. गेटवर हवालदारानं पिशवीचं तोंड उघडलं आणि इतक्या जोरात मागे झाला की टोपी पडली. “जा, जा, जा!” त्यानं झडती तिथंच पूर्ण केली.

पुढच्या महिन्यातल्या शनिवारी थंड्या गणवेशात कमांडरसमोर उभा राहिला. धुऊन, उकळून, परत धुतलेला बंद टॉर्च त्यानं टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं. कमांडर आज कमांडर होते. त्यांनी हँगरची वही मागवून पानं उलटली.

“इथं त्या दिवशी काहीच हरवलेलं नाही,” ते म्हणाले. “सापडलेलंही नाही. ‘फळीची रंगरंगोटी’ असं लिहिलंय.”

“सर, मी चूक केली. सहा माणसं मेली असती. नंतर चोरी केली. मला शिक्षा द्या.”

“कशाबद्दल देऊ? कागदावर तर तुम्ही आलाच नव्हता. फ्रिजवाला आला होता, त्याच्या कामाबद्दल समाधान व्यक्त केलंय.” त्यांनी बंद टॉर्च हातात फिरवला. “आणि हा सरकारनं परत घ्यायचा म्हटला तर फळीवर जागा नाही. आकृतीच नाही याची.”

“मग मी याचं काय करू?”

“घरी न्या. आणि तुमच्या वरच्या डाव्या दाढेकडे बघायला हवं, बोलताना दिसली. सोमवारी या.”

हँगरमध्ये इनचार्जसाहेबांनी हात मिळवला. त्यांचा हात कोरडा होता, थंड्याचा घामेजला होता, आणि दोघांनीही तो नंतर विजारीला पुसला. “तुमच्यासारख्या अनुभवी लोकांचा फार आधार वाटतो,” साहेब म्हणाले. त्यांची बदली झाली होती, चांगल्या शेऱ्यासह.

थंड्यानं फळीवरचा एकतीस नंबरचा टॉर्च काढला. वहीत सही केली, ‘सरकारी टॉर्च, एक, मिळाला’. मग तो काकूच्या शेपटीत शिरला आणि स्वतःच्या टॉर्चच्या उजेडात एकेक चाक, एकेक दोरी दोनदा तपासली. एकदा नेहमीसाठी आणि एकदा त्या सोमवारसाठी. पाचला दहा कमी असतानाच बाहेर येऊन त्यानं टॉर्च वाकड्या मानेच्या आकृतीवर टांगला. परत केल्याची सही केली.

सोमवारी सकाळी तो पुन्हा त्या आजोबांच्या फ्रिजमागे आडवा होता. उंदीर तसाच होता. आजोबांना वाटलं होतं, मेकॅनिक काढून गेला असेल.

“टॉर्च,” थंड्या म्हणाला.

मेहुण्यानं पिशवीतून बंद टॉर्च काढून दिला. थंड्यानं सवयीनं बटण दाबलं, काही झालं नाही, आणि दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तो त्यानं दातांत धरला. कितीही उकळला तरी त्या डब्याची चव त्याला अजून होती. त्यानं श्वास रोखला आणि अंधारात हात पुढे केला.